पाय काढला तरी गाडी पळतेय? जुन्या गाडीची रेस कुठे अडकते ते शोधायची रीत

आमच्या १९९७ च्या मारुती ८०० ला एका पावसाळ्यानंतर नवीच खोड लागली. सिग्नलला क्लच दाबून पाय उचलला, की इंजिन शांत व्हायच्या ऐवजी किंचाळायचं. शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा, याला एवढी कसली घाई म्हणून. गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायचे. आवाज खाली यायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. असं तीनदा झाल्यावर मी स्वतःच शोधायचं ठरवलं. त्यात जे हाती लागलं ते नवख्यांसाठी क्रमाने लिहितोय. जुनी गाडी म्हणजे इथे मुख्यतः रेसची केबल असलेली पेट्रोल गाडी, मग ती कार्ब्युरेटरची असो किंवा सुरुवातीच्या एमपीएफआयची, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी. डिझेल आणि बिनकेबलीच्या गाड्यांबद्दल शेवटी थोडं आहे.

आधी जीव, मग बिघाड

चालत्या गाडीत रेस अडकली तर ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबा आणि दाबूनच ठेवा. सवयीने आपण ब्रेक दोन-तीनदा मारतो. इथे तीच सवय घात करते. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. रेस पूर्ण उघडी असताना ती ओढ जवळपास नसतेच. बूस्टरमध्ये साठलेली एक-दोन दाबांपुरती पुंजी तेवढी असते. ब्रेक पंप केला की ती संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेकसोबतच क्लच दाबा आणि गिअर न्यूट्रलला घ्या. ऑटोमॅटिक असेल तर सरळ 'एन'ला. इंजिन भयंकर ओरडेल, ओरडू द्या. चाकांशी त्याचा संबंध तुटलाय, हे महत्त्वाचं. गाडी कडेला घेऊन थांबली की चावी एक घर मागे घेऊन इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी पूर्ण फिरवून बाहेर काढू नका, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि पायाशी काय अडकलंय हे बघायला खाली वाकू तर अजिबात नका.

असा प्रकार एकदा जरी झाला असेल, तर कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. गॅरेजपर्यंत न्यायची तर टोइंग करून न्या.

नेमकं होतंय काय?

'गाडी आपोआप पळते' या एका तक्रारीत चार-पाच वेगळे आजार असतात, आणि मिस्त्रीला अर्धवट सांगितलं की तो भलत्याच ठिकाणी हात घालतो. म्हणून आधी स्वतःला विचारा. रेस दाबून सोडल्यावर वर अडकते का? की पायच लावला नाही तरी स्टार्ट केल्यापासून वर असते? की समुद्राच्या लाटेसारखी वर-खाली होत राहते? गाडी गार असताना होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावरच होतं का?

यातल्या काही गोष्टी बिघाड नसतातच. एसी लावल्यावर आवाज किंचित वाढणं बरोबर आहे. कॉम्प्रेसरचा भार पेलायला तशी सोय केलेली असते. थंडीत सकाळी दोन-तीन मिनिटं रेस चढी राहणंही ठीक. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ब्रेक सोडल्यावर हळूहळू सरकते, तो तिचा स्वभाव आहे. आणि चढावर रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. तो आजार वेगळा, त्यासाठी हा लेख वाचत बसू नका.

मारुती ८०० सारख्या गाडीत आरपीएमचा काटा नसतो, मग रेस जास्त आहे हे ओळखायचं कसं? माझी साधी युक्ती अशी. मोकळ्या, सपाट जागेत, इंजिन गरम झाल्यावर, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पूर्ण सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. या गाडीचं आयडलिंग, म्हणजे पेडलला पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, ८००-९०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) आसपास असतं, आणि त्या हिशोबाने ती ताशी पाचेक किलोमीटरने, म्हणजे माणूस भरभर चालतो तितक्या वेगाने सरकायला हवी. माझी १० च्या पुढे जात होती. म्हणजे इंजिन जवळपास दुप्पट फिरत होतं.

दार, खिडकी की भगदाड

रोजच्या बोलण्यात आपण 'पेट्रोल दाबतो' म्हणतो, पण पेट्रोल गाडीच्या पेडलने आपण इंजिनात हवा सोडत असतो. पेट्रोल त्या हवेच्या मागून येतं. कार्ब्युरेटरमध्ये किंवा एमपीएफआय गाडीच्या थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेच्या तोंडाशी, एक गोल पातळ चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. पेडल दाबलं की ती उघडते, सोडलं की स्प्रिंगने मिटते. इंजिन जास्त फिरतंय याचा अर्थ कुठून तरी जास्त हवा आत येतेय, एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं.

हवा तीनच वाटांनी येऊ शकते. बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही, म्हणजे पुढचं दार उघडं राहिलंय. आयडलिंगसाठी मुद्दाम ठेवलेली वाट गरजेपेक्षा जास्त उघडलीय, ती खिडकी. किंवा एखादी नळी, पॅकिंग फुटून भलतीकडूनच हवा शिरतेय, ते भगदाड. पुढची सगळी तपासणी या तिघांतलं कोण, एवढ्यासाठीच.

पायाशी सुरुवात

इंजिन बंद. ड्रायव्हरचं दार उघडून खाली बसा आणि पेडलभोवती नीट बघा. मॅट पुढे सरकून पेडलवर चढतेय का? एका मॅटवर दुसरी टाकलीय का? सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली? हे वाचून हसू येईल, पण ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट घातलेली होती. तिच्यात पेडल अडकलं आणि गाडीतले चौघेही गेले. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या मॅट आणि पेडलसाठी परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष असेल म्हणून थेट नासाच्या इंजिनिअरांकडूनही तपासणी झाली; फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला, तसा दोष सापडला नाही. तेव्हा मॅट काढून डिकीत टाका आणि पुढची तपासणी मॅटशिवायच करा. आपल्याकडे आणखी एक आरोपी असतो: चप्पल. मागून मोकळी असलेली चप्पल घालून गाडी चालवत असाल तर आजपासून बंद.

आता पेडल हाताने सावकाश दाबा आणि त्याहून सावकाश सोडा. झटक्यात सोडलं तर खराब केबलही परत येते, हळू सोडल्यावरच ती कुठे खरखरते, अडते ते कळतं. पेडलच्या वर, जिथे केबलचं टोक अडकवलेलं असतं, तिथे टॉर्च मारा. तारेचा एखादा धागा तुटून काट्यासारखा बाहेर आलाय का? असा एक धागा रबरी बुशात रुतला की पेडल खाली धरून ठेवायला पुरेसा होतो.

बॉनेट उघडल्यावर

गाडी उघड्यावर, सपाट जागेत, न्यूट्रलला. हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना विटा लावलेल्या. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी दूर. रेडिएटरचा विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो, हेही ध्यानात असू द्या.

इंजिन बंदच ठेवून मदतनीसाला पेडल दाबायला सांगा. केबल जिथे कार्ब्युरेटरला किंवा थ्रॉटल बॉडीला येते, तिथे एक छोटी तरफ फिरताना दिसेल. पेडल सोडल्यावर ती परत येऊन थांब्याच्या स्क्रूवर 'टक्' करून टेकली पाहिजे. टेकत नसेल, तर दारच उघडं आहे.

मग केबलचं टोक तरफेवरून काढा आणि तरफ बोटाने फिरवून सोडा. आता ती झटकन मिटली, तर दोष केबलचा किंवा पेडलचा. तरीही जड जात असेल, अर्ध्यात थांबत असेल, तर कार्ब्युरेटरमध्येच गडबड आहे. दोन मिनिटांची ही परीक्षा मला पहिल्याच दिवशी माहीत असती तर गॅरेजच्या तीन खेपा वाचल्या असत्या.

केबल गुन्हेगार निघाली तर ती बदलायची. तेल सोडून काही दिवस बरी चालते, पण आतला गंज आणि तुटलेले धागे तसेच राहतात, वर तेलाला धूळ धरते. ब्रेक आणि रेस यांच्या बाबतीत जुगाड नको, असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन केबल टाकताना ती सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डला टेकत नाही ना आणि तिला कुठे तीव्र वाकण पडत नाही ना, ते बघा. थोडी ढील ठेवा. ताणून बसवलेली केबल बटरफ्लाय नेहमीच किंचित उघडी ठेवते. कोकणात, समुद्रालगत राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर एकदा केबल तपासावी हे बरं. खारी हवा बाहेरून काही दाखवत नाही, आतून खाते.

तरफ जड असेल तर आधी स्प्रिंग बघा. ताण गेलेली, गंजलेली किंवा कोणीतरी भलत्याच भोकात अडकवलेली स्प्रिंग जुन्या गाड्यांत फार सापडते. मग एअर फिल्टर काढून आत डोकवा. बटरफ्लायच्या कडेने काळं चिकट कीट जमलेलं असेल तर ते कार्ब क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसून काढा, इंजिन गार आणि बंद असताना. एमपीएफआयच्या थ्रॉटल बॉडीला तारेचा ब्रश लावू नका आणि तिच्या बाजूच्या सेन्सरवर फवारा उडवू नका. कार्ब्युरेटर नुकताच खोलून बसवला असेल तर खालचं पॅकिंग तपासा. चुकीच्या मापाचं पॅकिंग आत डोकावतं आणि बटरफ्लाय त्यावर अडकते.

चोक, म्हणजे गार इंजिन सुरू व्हायला मदत करणारी सोय, विसरू नका. जुन्या मारुतीत डॅशबोर्डवर चोकचं बटण असतं. ते आत ढकललेलं दिसत असलं तरी त्याची केबल आतल्या आत अडकलेली असू शकते. चोक ओढलेला असताना रेस चढी ठेवायची यंत्रणा आपलं काम करत राहते आणि आपण बिचाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरला शिव्या देतो. कार्ब्युरेटरपाशी चोकची पट्टी पूर्ण उभी, म्हणजे उघडी झालीय का, ते डोळ्यांनी बघा. एसीसाठी रेस वाढवणारी छोटी डबी, तिचा दांडाही एसी बंद केल्यावर परत येतो का, ते पाहून घ्या.

दार मिटलेलं असेल तर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर गाडी सुरू करा, गरम होऊ द्या. रेस चढी असताना तरफ बोटाने मिटायच्या दिशेला हलकेच दाबा. आवाज उतरला तर दार अजूनही पूर्ण मिटत नव्हतं, मागे या. नाही उतरला तर हवा दुसरीकडून येतेय.

पुढची परीक्षा जरा बेताने करा. एअर फिल्टरची नळी काढून हवेच्या तोंडावर जाड पुठ्ठा किंवा प्लायवूडचा तुकडा घट्ट धरा. हात किंवा फडकं नको, फडकं आत ओढलं जातं. निरोगी इंजिन क्षणात गुदमरून बंद पडतं. तोंड बंद करूनही ते बराच वेळ फिरत राहिलं, तर समजा पुढे कुठेतरी भगदाड आहे.

भगदाड शोधायला कान पुरतो. मीटरभर लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं हवेच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या, सांध्यांवरून, नळ्यांवरून फिरवा. फुटलेल्या जागी 'स्स्स' ऐकू येतं. किंवा साध्या पाण्याचा बारीक फवारा एकेका सांध्यावर मारा, विजेच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारी डबी) टाळून. पाणी गळतीवर पडलं की तेवढ्यापुरता इंजिनाचा सूर बदलतो. काही गॅरेजांत हेच काम चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून करतात. तसं करताना दिसले तर थांबवा. बाजूलाच तापलेला सायलेन्सर असतो, बॉनेटखाली भडका उडायला ठिणगी पुरते.

मग मॅनिफोल्डला जाणारी एकेक रबरी नळी पकडीने हलकेच चिमटून बघा. जी चिमटल्यावर रेस उतरते, तिच्या पलीकडे गळती. ब्रेक बूस्टरची जाड नळी आधी धरा, कारण ती फुटली असेल तर रेस चढण्याबरोबर ब्रेकही कडक झालेला असतो. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर बाकी सगळं सोडून तिकडे बघा. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या, उन्हाने भेगाळलेले रबरी कोपरे, सीएनजी किट बसवताना नळी मध्येच कापून जोडलेली टीच्या आकाराची जोडनळी, ही नेहमीची ठिकाणं. किटवाल्या गाड्यांत मिक्सरचे, म्हणजे गॅस हवेत मिसळणाऱ्या भागाचे, सांधे मी सगळ्यांत आधी बघेन.

एक बारकावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत मोठी गळती असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन मिसिंग करतं, धडधडतं, बंदही पडतं. मॅनिफोल्डमध्ये दाबाचा सेन्सर असलेल्या एमपीएफआय गाडीत मात्र कॉम्प्युटर त्या चोरट्या हवेलाही हिशोबाने पेट्रोल देतो. त्यामुळे इंजिन अगदी गुळगुळीत चालतं, फक्त वरच्या आवाजात. म्हणून तिथे 'इंजिन तर छान चालतंय' या समजुतीत गळती राहून जाते.

एमपीएफआयची खिडकी

या गाड्यांत आयडलिंगची हवा एक छोटा झडपेचा मोटर सोडतो. त्यावर काजळी धरली की तो उघडाच अडकतो. काढून साफ केला की बहुतेक वेळा सुधारतो. पण कधी झडप चांगली असते आणि तिला हुकूम देणाऱ्यालाच चुकीची खबर मिळत असते. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, किंवा कूलंट कमी होऊन त्याच्याभोवती हवेचा फुगा राहिला, तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, आणि तो रेस चढीच ठेवतो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी कूलंटची पातळी बघा, इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं. बटरफ्लायची स्थिती सांगणारा सेन्सर चुकीचं सांगत असेल तर दार मिटलंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. इथे मात्र अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत बसू नका. स्कॅनर लावणाऱ्या माणसाकडे जा आणि आकडे वाचून घ्या.

आणि हो, बॅटरी काढल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी धुतल्यावर काही गाड्या थोडा वेळ चढ्या रेसवर राहतात. नव्याने शिकत असतात त्या. लगेच घाबरू नका.

इंजिनच हलत असेल तर

हे कारण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं. ते तुटलं की रेस देताच इंजिन एका बाजूला उचलतं, आणि सोबत केबल किंवा रेसचा दांडा ओढला जाऊन रेस आणखी वाढते. १९७१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने याच कारणाने सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या परत बोलावल्या आणि इंजिन उचलू नये म्हणून त्याला तारेचा दोर बांधून दिला. गाडी उठताना 'धड्' आवाज येत असेल तर फाउंडेशन तपासा. मदतनीस जाणता हवा. ब्रेक पूर्ण दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा आणि इंजिन किती उचलतंय ते बघायचं. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर कधीच नाही.

डिझेल आणि बिनकेबलीच्या गाड्या

डिझेल इंजिनाचा एक प्रकार खरोखर भीतीदायक असतो. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल फार जास्त भरलं, की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळत सुटतं. मागे पांढरा-निळा धूर, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ती थांबवून, ब्रेक पूर्ण दाबून, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडा म्हणजे इंजिन कोंडून बंद पडतं. ते जमलं नाही तर खाली उतरा, लोकांना लांब करा आणि उघड्या बॉनेटवर वाकू नका.

केबलऐवजी वायरीवर चालणाऱ्या पेडलच्या गाडीत घरच्या घरी बघण्यासारखं फार नाही: मॅट, पेडलची हालचाल, थ्रॉटल बॉडीची काजळी, बस्स. बाकी स्कॅनरचं काम.

स्क्रू सगळ्यात शेवटी

कारण सापडून दुरुस्त झाल्यावरच आयडलिंगच्या स्क्रूला हात लावायचा, आणि तोही कार्ब्युरेटरच्याच. एमपीएफआयच्या थ्रॉटल बॉडीवरचा थांब्याचा स्क्रू कारखान्यातून ठरवून आलेला असतो, तो तसाच राहू द्या. इंजिन गरम, चोक पूर्ण आत ढकललेला, एसी बंद ठेवून पाव-पाव फेरा फिरवत ऐका. मग मोकळ्या मैदानात दहा-वीस वेळा रेस देऊन सोडून बघा, एसी लावून आणि काढून, गार असताना आणि गरम झाल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

आमच्या गाडीत शेवटी पेडलकडच्या टोकाला केबलचे दोन धागे तुटलेले निघाले. नवी केबल टाकली, तरफ 'टक्' करून टेकायला लागली आणि मी खुशीत गाडी बाहेर काढली, तर पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद. दुसऱ्यालाही. केबल अडकून दार उघडं राहत होतं, त्याची भरपाई म्हणून तीन खेपांत दीड फेरा मागे घेतलेला तो स्क्रू आता इंजिनाला श्वासच घेऊ देत नव्हता. रस्त्याच्या कडेला उभं राहून, मागच्यांचे हॉर्न ऐकत, पाव-पाव करत दीड फेरा परत आत घेतला.